धूळपाटी ते काचपाटी

साहित्याचा इतिहास लिहिताना आपण लेखकाचा विचार करतो, वाचकाचा करतो, अलीकडे प्रकाशकाचा आणि ग्रंथव्यवहाराचाही करू लागलो आहोत. हे साहित्य ज्या पृष्ठभागावर आणि ज्या साधनाने लिहिले गेले, त्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. बोरू, टाक, पाटी, खिळे, टंकयंत्र, संगणक ही सारी केवळ ‘साधने’, म्हणून साहित्यबाह्य, असा एक अलिखित समज मराठीच्या विभागांतून रुळलेला आहे. या समजाची किंमत काय पडते, हे टचस्क्रीनच्या इतिहासाकडे मराठीच्या बाजूने पाहिले की ध्यानात येते. बोटाने काचेवर लिहिण्याचे भविष्य सुमारे साठ वर्षांपूर्वी कल्पिले जाऊ लागले. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. पण ही कल्पना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणाचा हात होता, कोणती लिपी होती, आणि त्या वेळी आपण मराठीचे अध्यापक कुठे होतो, हे प्रश्न आपण विचारलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ते विचारण्याचा प्रयत्न आहे.

हे प्रश्न आम्हांला पडतात ते वर्गात. आम्ही ठाण्यात शिकवतो आणि आमचे बरेच विद्यार्थी घोडबंदर रोडच्या मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली या पट्ट्यातून येतात. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि त्यांतले आदिवासी पाडे, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे उंच इमारती, संगणक कंपन्यांची कार्यालये, मेट्रोचे खांब आणि कधीही न संपणारी वाहतूक. या रस्त्यावरच्या बसमध्ये रोज जो तासभर जातो त्यात ही मुले भरपूर लिहितात. त्यांच्या आधीच्या कोणत्याही पिढीने एवढे लिहिले नसेल. ती मराठीतच लिहितात, पण त्यांतली कितीतरी मराठी रोमन अक्षरांत असते. देवनागरी त्यांना वाचता येते, परीक्षेत हाताने लिहिता येते, बोटाने मात्र ती लिहावीशी वाटत नाही. याचे खापर मुलांच्या अनास्थेवर फोडणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही.

घोडबंदर हे नाव बंदराचे आहे. रस्त्याच्या पश्चिम टोकाला उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राकडे जाते, तिथे पोर्तुगीजांचा किल्ला होता आणि १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. बंदर म्हणजे जमीन आणि पाणी या दोन परस्परभिन्न जगांची देवघेव जिथे होते ती जागा. संगणकाच्या परिभाषेत ज्याला इंटरफेस म्हणतात, तोही माणूस आणि यंत्र यांच्यामधला असा एक धक्काच असतो. धक्क्याची बांधणी कोणत्या जहाजासाठी केली आहे, यावर तिथे कोणता माल सुखाने उतरणार हे ठरते.

मराठी हाताचा पहिला इंटरफेस बोटाचाच होता. पंतोजींच्या शाळेत मूल पहिली अक्षरे गिरवी ती धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हाताने सपाट करून पुन्हा काढायचे. ‘धुळाक्षर’ हा शब्द मराठीत आला तो तिथूनच. जुन्या गणितपरंपरेत पाटीगणिताला ‘धूलिकर्म’ असेही म्हटले जाई, आणि पश्चिमेकडच्या अरबांनी हिंदू अंकांच्या एका रूपाला धुळीवरूनच ‘घुबार’ हे नाव दिले. या पाटीला स्मरण नव्हते, पण दोन गुण होते. चूक निर्धोकपणे पुसता येई, आणि अक्षराचे वळण स्पर्शातून थेट हातात उतरत असे. ‘अक्षर गिरवणे’ या क्रियापदात डोळ्यापेक्षा बोट अधिक आहे. एकोणिसाव्या शतकात दगडी पाटी आली, बोटाची जागा पेन्सिलीने घेतली, तरी गिरवणे राहिले.

मोडी लिपी हा या हाताचा दुसरा आविष्कार. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी शिरोरेघ मारून ठेवायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत न्यायची. मोडीचे वळण हे वेगाचे वळण आहे. हाताला कमीत कमी थांबे देणारी ती व्यवस्था होती. स्मार्टफोनवर एका अक्षरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता सरकवत शब्द काढण्याची जी सोय पुढे आली, तिच्यामागचे तत्त्व एखाद्या पेशवाई कारकुनाला समजावून सांगावे लागले नसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि दफ्तरांतून हद्दपार झाली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१४ साली.

छापण्याची कला आली तेव्हा हात लगेच गेला नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले पंचांग शिळाप्रेसवरचे होते. शिळाप्रेसमध्ये लिहिणाऱ्याचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरते. खिळ्यांच्या छपाईने हे चित्र बदलले. निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले ते आजही डोळ्यांत भरते, पण त्यासाठी जुळाऱ्याला शेकडो खिळ्यांच्या केसपुढे उभे राहावे लागे. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांचे प्रत्येक रूप निराळे. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली ती या व्यावहारिक अडचणीतून. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली तिच्यामागेही यंत्राची सोय हे एक कारण होते. इथून पुढच्या शतकभराच्या लिपिसुधारणेचा रोख एकच दिसतो. यंत्र आहे तसे राहणार, लिपीने लहान व्हायचे.

टंकयंत्राने हा रोख टोकाला नेला. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येक कळीवर दोन चिन्हे, एवढ्यात देवनागरी बसवायची होती. ज्यांनी टायपिंगच्या क्लासला मराठी टंकलेखन शिकले आहे त्यांना आठवत असेल की ‘ख’ किंवा ‘थ’ हे अक्षर एका ठोक्यात उमटत नसे. आधी अर्धे अक्षर, मग त्याला काना. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण यंत्रावर ती आधी मारावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे असते. म्हणजे टंकलेखक भाषा लिहीत नव्हता, तो चिन्हांचे तुकडे सांधत होता. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले आणि पुढे अर्धशतक सरकारी मराठीचा सारा गाडा अशा यंत्रांनी ओढला. त्या यंत्रांविषयी कृतज्ञता बाळगूनही म्हणावे लागते की अक्षर हा हाताचा ओघ आहे ही जाणीव त्यांनी आपल्या लेखनव्यवहारातून पुसली.

आता पश्चिमेकडे वळू. ब्रिटनमधील मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिचा हेतू होता विमानवाहतूक नियंत्रण. १९७२ साली इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणयंत्रणेत विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तर देऊ लागले. पुढच्याच वर्षी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेक आणि स्टुम्प यांच्या स्पर्शपटलाने आकार घेतला. ही सगळी यंत्रे जागची न हलणारी होती. बरोबर नेता येईल अशा संगणकाची आणि स्पर्शाची सांगड ज्या लेखाने घातली तो अ‍ॅलन के यांचा १९७२ चा लेख. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात त्यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. वहीच्या आकाराचा, चार पौंडांहून हलका, सर्व वयांच्या मुलांसाठी संगणक. लेखात जाता जाता एक शक्यता येते, आणि आमच्या मते मराठीच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. वहीचा सगळाच पृष्ठभाग पडद्याने व्यापला असे समजा, के म्हणतात. मग हव्या त्या मांडणीचा कळफलक हव्या त्या जागी काढता येईल, चार कोपऱ्यांखालची दाबमापके बोट कुठे टेकले ते सांगतील, आणि खालच्या भागाला खरखरीत पोत दिला तर न पाहताही लिहिता येईल.

‘हव्या त्या मांडणीचा’ हे शब्द रोमन लिपीवाल्यांसाठी एक सोय होती. देवनागरीसाठी ती मुक्ती ठरू शकत होती. लोखंडी कळांची संख्या हाच तर आपला अडसर होता. कळा जर केवळ चित्र असतील, तर त्या क्षणोक्षणी बदलू शकतील. ‘क’ला बोट लावले की त्याच्याभोवती त्याची बाराखडी उमलेल, पाय मोडला की पुढची शक्य जोडाक्षरे समोर उभी राहतील. टिळकांना खिळे कमी करावे लागले, इथे लिपीला काहीच कमी करावे लागणार नव्हते. पण १९७२ साली हे शब्द मराठीच्या बाजूने वाचणारे कोणी नव्हते.

पुढची वीस-पंचवीस वर्षे पश्चिमेत मुख्य झगडा हस्ताक्षराचा झाला. अ‍ॅपलने १९९३ मध्ये ‘न्यूटन’ आणला, तो माणसाचे हस्ताक्षर वाचू पाहत होता आणि त्याच्या चुकांची यथेच्छ टिंगल झाली. १९९६ च्या ‘पाम पायलट’ने उलट वाट धरली. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसाला ‘ग्राफिटी’ नावाची सोपी वळणे शिकवली. त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करत. भविष्याची कल्पना किती साध्या वस्तूपासून सुरू होते! त्या ठोकळ्यात आणि धूळपाटीच्या फळीत फारसे अंतर नाही. फरक इतकाच की ठोकळा खिशात घालणाऱ्याला आपल्या कल्पनेचे यंत्र करता येत होते.

आपल्याकडे या काळात काम झाले नाही असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, उच्चाराच्या क्रमाने अक्षर लिहू देणारा १९८६ चा इन्स्क्रिप्ट कळफलक, आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा टंक ही नावे मराठी अभ्यासकाला पाठ असायला हवीत. इन्स्क्रिप्टने वेलांटी पुन्हा अक्षरानंतर आणली. लिपीची तर्कसंगती यंत्राला प्रथमच मान्य करावी लागली. तरीही ती मांडणी बसवली गेली इंग्रजी अक्षरे छापलेल्या कळांवर.

स्पर्शाचा भारतीय विचार प्रथम ठामपणे दिसतो तो ‘सिम्प्युटर’मध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि तिथल्याच एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी हा हातात मावणारा संगणक २००१ साली लोकांपुढे ठेवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्राला स्पर्श करावा आणि यंत्राने त्यांच्या भाषेत बोलावे, एकच यंत्र गावातल्या अनेकांनी आपापले स्मार्टकार्ड घालून वापरावे, असा तो विचार. पश्चिमेतील स्पर्शयंत्रे घाईत असलेल्या अधिकाऱ्यासाठी होती, हे निरक्षर शेतकऱ्यासाठी होते. २००४ साली ते बाजारात आले. किंमत दहा हजारांच्या आसपास, आणि विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. सिम्प्युटर फसला असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्ही इतकेच म्हणू की त्याने विचारलेला प्रश्न त्याच्याबरोबर संपला नाही. आज घोडबंदर रोडवरचा भाजीविक्रेता फोनवरच्या चित्राला बोट लावतो आणि पैसे जमा झाल्याचे यंत्राच्या तोंडून ऐकतो. वेगळ्या वाटेने, वेगळ्या मालकीने, तीच कल्पना इथे पोचली आहे.

९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर झाला आणि बोट हीच लेखणी ठरली. पण लिहिण्यासाठी काचेवर जे उमटले ते टंकयंत्राच्याच कळांचे चित्र होते. ज्या पृष्ठभागावर काहीही काढता आले असते, त्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यंत्राची प्रतिमा काढली गेली. मराठीच्या वाट्याला तर सुरुवातीला तेही आले नाही. अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटत. अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली २०१४ साली. दरम्यानच्या वर्षांत एका पिढीच्या बोटांना रोमनची सवय लागून गेली होती. आमचे विद्यार्थी रोमनमध्ये का लिहितात, याचे बरेचसे उत्तर या सात वर्षांच्या विलंबात आहे. सवय ही इतिहासाची सर्वांत चिवट नोंद असते.

याच काळात पवईला, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी वेगळा विचार करत होते. २००४ च्या सुमारास त्यांनी ‘कीलेख’ हा वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कळफलक केला होता. पुढे टचस्क्रीनसाठी ‘स्वरचक्र’ आले, त्याची मराठी आवृत्ती २०१३ पासून लोकांच्या हाती आहे. व्यंजने वर्गवार मांडलेली. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले की अक्षर पूर्ण होते. पाय मोडण्याची दिशा निवडली की इतर कळांवर क्क, क्ख, क्त अशी जोडाक्षरे आधीच दिसू लागतात. बाराखडी म्हणताना जो ठेका मुलाच्या जिभेत बसलेला असतो तो इथे बोटाच्या दिशेत उतरवला आहे. के यांच्या ‘हव्या त्या मांडणी’चा मराठीने घेतलेला हा पहिला खरा लाभ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने आयआयटी मुंबईतच ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम झाले, २०१२ साली ती प्रकाशित झाली. काच आणि तिच्यावरची लिपी या दोन्हींचा विचार त्या वेळी एकाच आवारात चालू होता. या दोन्ही घटनांचे पडसाद मराठीच्या अभ्यासक्रमांत, चर्चासत्रांत, नियतकालिकांत किती उमटले? आम्हांला तरी फारसे ऐकू आले नाहीत.

आणि तरीही हा विषय सर्वस्वी आमचाच होता. एक साधे उदाहरण घेऊ. ‘आचार्य’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांतला र-कार एक नाही. पहिला रफार आहे, दुसरा ज्याला काहीजण चंद्रकोरीसारखा म्हणतात तो अर्धा र आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कळफलकावर ‘ऱ’ शोधावा लागतो. आम्ही वर्गात हा शब्द फोनवर लिहायला सांगतो तेव्हा बहुतेक पडद्यांवर गुरूच अवतरतात. ‘ॲ’ची कथा अशीच. ‘बॅट’मधला स्वर शब्दारंभी आला की मराठीला हे स्वतंत्र अक्षर लागते, युनिकोडमध्ये ते २००८ साली आले, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित वर्णमालेत त्याची नोंद केली. लिपीतले हे बारकावे अभियंत्याला कोणी सांगायचे? व्याकरण शिकवणाऱ्यांनी नाही तर कोणी?

काचेचा आणखी एक दोष नोंदवला पाहिजे. तिला स्पर्श कळतो, पण तिच्याकडून स्पर्शाला काही कळत नाही. ‘क’ आणि ‘ख’ यांच्या जागा बोटाला सारख्याच गुळगुळीत लागतात. १९५१ पासून भारतीय भाषांना समान ब्रेल लिपी आहे आणि स्पर्शाने वाचण्याची ती एकमेव पूर्ण मराठी व्यवस्था आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला बटणांचा फोन बोटांनी ओळखता येत होता, काचेच्या फोनवर त्याला आवाजाचा आधार घ्यावा लागतो. के यांनी पन्नास वर्षांपूर्वी सुचवलेला खरखरीत पोत अजून आलेला नाही. ज्याला आपण स्पर्शाचे युग म्हणतो ते खरे पाहता नजरेचेच युग आहे, बोट तिथे नजरेचे चाकर आहे. धूळपाटी याबाबतीत काचपाटीहून श्रीमंत होती, तिथे धूळ बोटाला उत्तर देत असे.

आता तर बोटही मागे पडते आहे. २०१७ पासून गूगलचे यंत्र मराठी बोलणे ऐकून ते देवनागरीत उतरवते. त्याआधी २०१५ मध्ये बोटाने गिरवलेले अक्षर ओळखणारी सोयही आली होती, तिच्यात देवनागरी होती, पण तिच्याकडे फार कोणी वळले नाही. बोलून लिहिणे वाईट नाही. ज्यांना कधी लिहिता आले नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे, आणि सिम्प्युटरचे स्वप्न त्यात निम्मे पुरे होते. पण साहित्याच्या दृष्टीने त्याचे परिणाम काय, हे पाहिले पाहिजे. खोडणे, थांबणे, शब्दावर रेंगाळणे या हाताच्या क्रियांतून मराठी गद्याची घडण झाली आहे. बोललेले वाक्य आणि लिहिलेले वाक्य यांची लय सारखी नसते. उद्याच्या गद्याची लय कोणत्या इंटरफेसमधून येणार, हा समीक्षेचा प्रश्न आहे, अभियांत्रिकीचा नव्हे.

म्हणून काही कल्पना करण्याचे धाडस आम्हीही करतो. मोडीप्रमाणे आधी शिरोरेघ ओढली की ओळ सुरू होईल आणि बोट न उचलता अक्षरे तिला लटकत जातील अशी पाटी. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा पाणिनीय क्रम ज्याच्या पोतातून बोटाला कळेल असा कळफलक. दोन अक्षरे बोटांनी एकमेकांना भिडवली की जोडाक्षर होईल असा पृष्ठभाग, ज्यावर येऊरच्या पाड्यातले पहिलीतले मूल आणि घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावरचे मूल एकाच तऱ्हेने ‘ज्ञ’ कसा होतो ते शिकेल. यांतले काही अशक्य असेल, काही निरुपयोगी ठरेल. खिशातला लाकडी ठोकळाही प्रथमदर्शनी निरुपयोगीच दिसला असता.

लेखनसाधनांचा इतिहास ही मराठी एम.ए.च्या अभ्यासक्रमातली एक स्वतंत्र अभ्यासपत्रिका व्हावी, तिच्यात धूळपाटी, बोरू, शिळाप्रेस, टंकयंत्र आणि स्वरचक्र एका सूत्रात शिकवले जावे, आणि त्यासाठी मराठीच्या विभागांनी पवईसारख्या ठिकाणच्या अभिकल्पकांशी बोलणे सुरू करावे, अशी आमची सूचना आहे. ठाण्याहून पवई लांब नाही, घोडबंदर रोडवरची वाहतूक धरूनही. लिपीने यंत्रासाठी लहान होण्याचे दिवस तंत्रदृष्ट्या संपलेले आहेत. आता ती लहान राहिली, तर त्याला कारण यंत्र नसेल.